पान नंबर चौतीस

"एक व्हिडिओ," घोलपसाहेब फोनवर म्हणाले. "तीन मिनिटांचा. चार वाजेपर्यंत."

"साहेब, आज शाळेत एकच मूल आहे."

"मग फ्रेम छान येईल," साहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

घोलपसाहेब आमचे केंद्रप्रमुख. चौदा शाळा त्यांच्या हाताखाली होत्या, आणि त्यांच्या डोक्यावर किती कार्यालयं होती ते त्यांनाही नीट सांगता यायचं नाही. मागच्याच महिन्यात त्यांनी आम्हा सगळ्या शिक्षकांना तालुक्याला पाच दिवस बसवून 'आजच्या वर्गासाठी प्रभावी अध्यापन पद्धती' शिकवल्या होत्या. म्हणजे आम्ही सतरंजीवर बसलो होतो आणि एक गृहस्थ पाच दिवस माइकवरून सांगत होते की शिक्षकाने कमीत कमी बोलावं. आता प्रत्येक शाळेने आपल्याकडे यशस्वी ठरलेल्या एका पद्धतीचा व्हिडिओ पाठवायचा होता.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा, बोरखडीच्या दोनशिक्षकी शाळेत शिक्षणसेवक. तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढायची, केंद्रप्रमुखांनी अहवाल चांगला दिला की माणूस कायम होतो. माझी अडीच वर्षं झाली होती. त्या दिवसांत घोलपसाहेबांनी हत्तीचा व्हिडिओ मागितला असता, तर मी रंग कोणता एवढंच विचारलं असतं.

त्या शुक्रवारी उरलेली एकवीस मुलं हिप्परकरांच्या नातवाच्या जावळाला मटण जेवायला गेली होती. मुलं सुखरूप पोचली का ते बघायला आमच्या मुख्याध्यापिका तोडकरबाई मागोमाग गेल्या, आणि शाकाहारी असूनही दुपारपर्यंत परतल्या नव्हत्या. वर्गात फक्त मायाक्का होती. मायाक्का बिरा शेंडगे, इयत्ता चौथी. तिच्या वडलांचं आणि हिप्परकरांचं बांधावरून तीन वर्षं वाकडं होतं, म्हणून तिला आमंत्रण नव्हतं.

"माया, वाचून दाखवतेस?"

"मला कुठं येतंय, सर?" ती म्हणाली. त्यात तक्रार नव्हती. मला शिट्टी वाजवता येत नाही हे मी जसं सांगतो, तसंच.

खरंच येत नव्हतं. जूनमध्ये मी तिची चाचणी घेतली होती, तेव्हा तिनं एकही अक्षर ओळखलं नव्हतं. पण आमच्याकडे तिसरी आणि चौथी एका खोलीत बसायची, आणि तिसरीच्या मुलांकडून प्रकट वाचनाच्या तपासणीसाठी मी महिनाभर एकच पान घोकून घेत होतो. पान नंबर चौतीस. ते ऐकून ऐकून मायाक्काला पाठ झालं होतं. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, सगळं.

"मग चौतीसावं पान म्हण. पुस्तक हातात धर म्हणजे झालं."

तिनं पुस्तक धरलं. मी मोबाइल धरला.

"नदीकाठी एक पोस्टमन राहत होता," मायाक्का ओळीखालून बोट फिरवत म्हणाली. "त्याच्याकडे लाल सायकल होती. सायकलला घंटी नव्हती. म्हणून तो स्वतःच ट्रिंग ट्रिंग म्हणायचा!" इथे तिनं डोळे मोठे केले. बोट एक ओळ पुढे गेलं होतं, पण कॅमेऱ्यात तेवढं कळत नाही. "एके दिवशी तो उतारावरून येत होता, तेवढ्यात समोरून एक"

पान तिथेच संपत होतं. तिनं पुस्तक मिटलं.

व्हिडिओसोबत एक फॉर्म होता. 'पद्धतीचे नाव' ह्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना, तर खिडकीत कावळ्याचं एक पीस पडलं होतं. मी 'पंख पद्धत' लिहिलं आणि पाठवून दिलं. असले व्हिडिओ कोणी बघत नाही, हे मला अडीच वर्षांत कळलं होतं.

हा कोणीतरी बघितला.

संध्याकाळी साहेबांचा फोन. "खोचरे, ही मुलगी जूनमध्ये कुठे होती?"

"अक्षर ओळख नव्हती, साहेब."

"आणि व्हिडिओ कधीचा?"

"आजचाच."

मी दोन्ही वाक्यं खरी बोललो. मधलं 'म्हणून' साहेबांनी घातलं.

आठ दिवसांत तो व्हिडिओ जिल्ह्यातल्या प्रत्येक शिक्षकाच्या मोबाइलवर तीनतीनदा येऊन गेला. खाली लिहिलेलं असायचं, 'अक्षरशून्य मेंढपाळकन्येची पाच महिन्यांत भरारी.' पोर्टलवर मायाक्काच्या नावापुढचं 'अवाचक' जाऊन 'वाचक' झालं. ते मी केलं नव्हतं. वरच्या कार्यालयात कोणीतरी आनंदाच्या भरात केलं. आणि मागे पडलेल्या मुलांसाठी शाळा सुटल्यावर मी जो तासभराचा वर्ग घ्यायचो, त्याच्या यादीतून तिचं नाव आपोआप उडालं. वाचणाऱ्या मुलीला त्यात बसवलं तर तपासणीत आक्षेप येतो.

मग पाहुणे यायला लागले. शेजारच्या केंद्रातले, शेजारच्या तालुक्यातले, एकदा तर कर्नाटकातून एक जीप भरून, ज्यांना मराठीच येत नव्हतं. आले की मायाक्काला वर्गातून बोलवायचं, पुस्तक द्यायचं, ती वाचायची. समोरून एक काय आलं, हे एकाही पाहुण्याने विचारलं नाही. टाळ्या वाजवायच्या, चहा प्यायचा, जायचं. आठवड्याला तीनचारदा.

आणि मला 'तज्ज्ञ मार्गदर्शक' म्हणून पत्रं यायला लागली. इतर केंद्रांत जाऊन पंख पद्धत शिकवायची. पहिल्याच ठिकाणी एका बाईंनी विचारलं, "सर, पद्धतीचे टप्पे किती?"

"पाच," मी म्हणालो. हाताला बोटं तेवढी होती. "फडफड, झेप, उड्डाण, घिरटी आणि उतरणं."

"उतरणं म्हणजे काय करायचं?"

"मुलाला खाली उतरवायचं."

साठ शिक्षकांनी ते लिहून घेतलं.

म्हणजे सगळं मिळून असं झालं की मायाक्काला वाचायला शिकवणं हे बोरखडीत एका माणसाचं काम होतं, आणि तो मायाक्काला वाचायला कसं शिकवलं ते सांगत गावोगाव हिंडत होता.

तोडकरबाई जुन्या वळणाच्या. पहिली-दुसरी त्यांच्याकडे असायची. मी नसलो की चारही वर्ग त्याच सांभाळायच्या. त्यांना सगळं माहीत होतं.

"द्या माझ्याकडं तिला," एकदा त्या म्हणाल्या. "पाटी देते, पहिलीच्या पोरांत बसवते. तीन महिन्यांत वाचेल. बत्तीस वर्षं हेच करतेय मी, त्याला कुणी पीस लावलं नाही."

दोन दिवसांनी त्या मला म्हणाल्या, "बसत नाही हो ती."

"का?"

"पहिलीतली पोरं विचारतात, वाचणारी मुलगी आमच्यात कशाला? रडायला लागली. मी तरी काय करू? तिला शिकायचंय, पण शिकताना कुणी बघायला नको."

चौथी हे आमच्या शाळेतलं शेवटचं वर्ष. पाचवीला हायस्कूल, तीन किलोमीटरवर. तिथे भूगोल असतो, इंग्रजी असतं. अक्षरं नसतात. ती आलीच आहेत असं धरलेलं असतं.

जानेवारीत एका गुरुवारी बिरा शेंडगे शाळेत आला. मायाक्काचे वडील. खांद्यावर घोंगडं, हातात एक घडी घातलेला कागद. मायाक्काचा फोटो पेपरातही आला होता आणि त्यानं तो प्लास्टिकात बसवून घेतलाय, हे मला आधी कळलं होतं, म्हणून त्याच्याशी डोळ्याला डोळा भिडवायचं मी टाळत होतो.

"सर, जरा इचारायचं हुतं."

"बोला की."

"ह्यो कागद. मेंढरांच्या डागदराचा मानूस दिऊन गेला. पोरीकडनं वाचून घ्येतला मी."

मी हात पुढे केला. त्यानं लगेच दिला नाही.

"आमच्या खानदानात वाचनारं पयलंच हाय वं ते. म्हनून पयला कागद तिलाच दिला. तर ती म्हनली, नदीकाठी कुनी पोस्टमन ऱ्हातोय, लाल सायकल हाय त्येची. उतारावरनं येतोय म्हनं. म्हनलं, त्योच लस घिऊन यायचा आसंल. सोमवारपासनं मेंढरं कोंडून बसलूय. न चारता. पोस्टमन काय आला न्हाई अजून."

मी कागद उघडला. लसीकरणाचं शिबिर बोरखडी फाट्यावर होतं. सोमवारी, सकाळी नऊ ते बारा.

"शिबिर सोमवारी झालं, बिराप्पा. फाट्यावर."

"झालं?" तो कागदाकडे बघत राहिला. "मग पोस्टमन?"

बोरखडीला नदीसुद्धा नाही. पण हे मी त्याला सांगितलं नाही.

"सरकारी मानसं कायबी लिवत्यात," तोच शेवटी म्हणाला. "पोरीची काय चूक? जे लिवलंय तेच वाचनार की ती." आणि जाताना म्हणाला, "लई उपकार झाले सर तुमचे."

दुसऱ्या दिवशी मी घोलपसाहेबांच्या कार्यालयात गेलो.

"साहेब, मायाक्काला वाचता येत नाही."

"कुठली मायाक्का?"

"आपली. पंखवाली."

साहेबांनी उठून दार लावलं. परत येऊन बसले. पेनाचं टोपण काढलं, लावलं.

"वाचन म्हणजे तुझ्या मते काय, खोचरे?"

"कागदावरचं बघून तोंडाने म्हणणं."

"ती कागदाकडे बघते?"

"बघते."

"तोंडाने म्हणते?"

"म्हणते, साहेब. पण दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही."

"संबंध म्हटलास तर माझ्या अहवालांचाही शाळेशी नसतो," साहेब म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते, हे मी आजही सांगेन. त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. "हे बघ. 'अवाचक', मग 'वाचक', मग 'ओघवता वाचक'. बाण पुढचाच आहे. मूल मागे जाईल असं बनवणाऱ्याला वाटलंच नव्हतं."

"नाव काढून पुन्हा घालता येईल?"

"नाव काढायला कारण निवडावं लागतं." साहेबांनी ते उघडून दाखवलं. "स्थलांतर, दुबार नोंद, मृत्यू. ह्यातलं कोणतं घेऊ?"

"बंद करा ते, साहेब," मी म्हणालो.

"ऐक माझं. अठ्ठावीस फेब्रुवारीला पुण्याहून मॅडम येतायत. ही पद्धत राज्यभर घ्यायची का ते त्या ठरवणार. तोवर तू तिला खरंच शिकव. मग तू खोटं बोललास असं राहणारच नाही. फक्त तारखा जरा पुढेमागे झाल्या, एवढंच."

मला ते अगदी पटलं, हे आता सांगताना लाज वाटते. तेव्हा तर साहेबांच्या पाया पडावंसं वाटलं.

हातात पाच आठवडे होते. त्यातले बारा दिवस मी इतर केंद्रांत उतरणं शिकवत असणार होतो. उरलेल्या दिवसांत मायाक्का सकाळी सातला यायची, शाळा भरायच्या साडेतीन तास आधी, कोणी बघणार नाही अशी. आम्ही पाण्याच्या टाकीमागे बसायचो. वाळूत मी अक्षर काढायचो. कुठली पद्धत नाही, टप्पे नाहीत. म मेंढराचा. क कोकराचा. न नाकाचा.

पहिल्या आठवड्यात म आणि क. ह्याला ते म्हणायची आणि त्याला हे. दुसऱ्या आठवड्यात काना.

"हा दांडा लावला की म चा मा होतो."

"आन् काढला की?"

"परत म."

तिनं हाताने दांडा पुसला, परत काढला, परत पुसला. "मा, म, मा, म," असं पाच मिनिटं चाललं होतं. मग ती हसायला लागली. मीही. जगात कोणी लावलेला नसेल असा शोध लागल्यासारखं तिचं तोंड झालं होतं.

एकदा तिनं तिसरीचं पुस्तक आणलं आणि चौतीसावं पान उघडलं.

"सर, ह्यात पोस्टमन कुठं हाय?"

मी त्या शब्दावर बोट ठेवून दाखवलं. तिनं वाकून बघितलं. बराच वेळ.

"येवढासाच?" ती म्हणाली.

मग तिनं मला समोरून काय आलं ते विचारलं. मी पान उलटून सांगितलं, गाढव. तिला ते फारसं आवडलं नाही.

सत्तावीस फेब्रुवारीपर्यंत तिला सात अक्षरं येत होती, काना येत होता आणि एक मात्रा येत होती. पाच आठवड्यांत, अर्ध्या दिवसांच्या हजेरीत, त्या वयाच्या मुलीसाठी ते फार चांगलं होतं. राज्यभर दाखवण्यासाठी ते काहीच नव्हतं.

"उद्या नेहमीसारखंच म्हण," मी तिला सांगितलं. "चौतीसावं. मग परवापासून आपण सावकाश शिकू. जूनपर्यंत वेळ आहे."

"परवापासनं सातलाच?"

"सातलाच."

अठ्ठावीसला सकाळी नऊपासून मांडव, रांगोळ्या, प्रत्येक मुलाच्या पाठीला कागदी पंख. पंखांची कल्पना घोलपसाहेबांची. पहिलीतला एक मुलगा पंख अडकून दारातच उभा राहिला होता, त्याला आडवा करून बाहेर काढावं लागलं. आसपासच्या शाळांचे चाळीस शिक्षक बसायला. बिरा शेंडगे धुतलेला फेटा घालून मागच्या रांगेत. एक फोटोग्राफर, जो लग्नाचेही फोटो काढतो, आणि ज्याला प्रत्येकाला 'नवरदेव इकडे' म्हणायची सवय होती.

अकराला मॅडम आल्या. शांत, वयस्कर, चष्मा दोरीला बांधलेला. ह्या बाईंना फसवायला आपण चौदा शाळा कामाला लावल्यात, असं मला वाटून गेलं. त्यांनी भाषण थांबवायला सांगितलं, हारही नको म्हणाल्या.

"मुलीला भेटूया," त्या म्हणाल्या.

मायाक्का पुढे आली. मी तिसरीचं पुस्तक उचलून तिच्या हातात दिलं.

"ते राहू द्या," मॅडम म्हणाल्या आणि पिशवीतून एक नवं कोरं पुस्तक काढलं. "ह्या नव्या गोष्टी. कालच छापून आल्यात, मीसुद्धा अजून वाचलेल्या नाहीत. कुठलंही पान वाच, बाळ."

घोलपसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी तोडकरबाईंकडे बघितलं. बाई छताकडे बघत होत्या.

मायाक्कानं पुस्तक घेतलं. चौतीसावं पान ती आकड्यावरून नव्हे, पानावरच्या पोस्टमनच्या चित्रावरून शोधायची. ह्या पुस्तकात तिला एका पानावर सायकलवरून जाणारा माणूस सापडला. त्याच्या मागे टोपली होती. तिनं ते पान उघडं धरलं, पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं, श्वास घेतला. मला कळलं, ती आता पोस्टमन म्हणणार. आणि कोणाला कळणारही नाही. सायकल होती ना.

पण ती बोलली नाही.

तिचं बोट पहिल्या शब्दावरच थांबलं होतं. ती वाकली, जशी टाकीमागे वाकायची.

"मा," ती म्हणाली.

मांडवात कोणीतरी खोकलं.

"मा... मा." तिनं डोकं वर केलं, खाली घातलं. "मामा."

शेजारच्या केंद्राचे दोन शिक्षक एकमेकांकडे बघायला लागले. मॅडमनी चष्मा लावला.

"मामा... न. मामा... ने." प्रत्येक अक्षराला तिचं बोट थांबत होतं, एक मिनिटभर वाटावं एवढं. "मामाने. म... का." आणि मग मोठ्यांदा, कोणाला तरी हाक मारावी तसं, "मका! मामाने मका!"

ती माझ्याकडे वळली. तिचं तोंड दांडा पुसायच्या दिवशी झालं होतं तसंच झालं होतं. त्या एवढ्या लोकांमध्ये मला आणि तोडकरबाईंना तेवढं माहीत होतं की ही मुलगी आयुष्यात पहिल्यांदा वाचतेय. बाईंनी पदर तोंडाला लावला होता आणि त्या माझ्याकडे डोळे वटारून मान हलवत होत्या. नका. बोलू नका.

बाकी सगळ्यांना दिसत होतं ते एवढंच, की व्हिडिओत घडाघडा वाचणारी मुलगी तीन शब्दांवर अडकली आहे.

"घाबरली," घोलपसाहेब पटकन म्हणाले. "घाबरू नको बाळ. नेहमीसारखं वाच. नेहमीसारखं."

तिनं परत पुस्तकात बघितलं. पुढचा शब्द 'आणला' होता. ण मी तिला शिकवला नव्हता. बोट त्या शब्दाच्या सुरुवातीवर तसंच होतं. ती प्रयत्न करत होती, ओठ हलत होते.

"खोचरे," मॅडम माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ही मुलगी आत्ता काय करतेय?"

प्रश्न साधा होता. त्यांच्या आवाजात राग नव्हता, उलट काहीतरी ऐकायची तयारी होती. आठ वर्षं मी तो आवाज परत परत ऐकतोय, आणि मला खात्री आहे, मी 'वाचतेय' म्हणालो असतो, तर त्या थांबल्या असत्या. कदाचित खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या असत्या. पण तेव्हा मला समोर साहेबांचं कपाळ दिसत होतं, चाळीस शिक्षक दिसत होते, आणि जूनमधलं माझं कायम होणं दिसत होतं.

"घाबरलीय, मॅडम," मी म्हणालो. आणि मायाक्काकडे वाकून हळूच सांगितलं, "नदीकाठी एक..."

तिनं माझ्याकडे बघितलं.

"नदीकाठी एक पोस्टमन," मी म्हणालो.

तिचं बोट त्या शब्दावरून उचललं गेलं. तिनं पुस्तक थोडं लांब धरलं, पाठ ताठ केली.

"नदीकाठी एक पोस्टमन राहत होता! त्याच्याकडे लाल सायकल होती! सायकलला घंटी नव्हती! म्हणून तो स्वतःच ट्रिंग ट्रिंग म्हणायचा!"

एकही अक्षर चुकलं नाही. "समोरून एक"ला ती थांबली तेव्हा टाळ्यांनी मांडव हलला. मागच्या रांगेत बिरा शेंडगेनं डोळे पुसले. मॅडम काही क्षण त्या पुस्तकाच्या उघड्या पानाकडे बघत राहिल्या, पण एवढ्यात कोणीतरी त्यांच्या हातात नारळ दिला, आणि नारळ हातात असला की माणसाला फार काही विचारता येत नाही. त्यांनी शेरेबुकात लिहिलं, 'अनुकरणीय'. तोडकरबाई उठून बाहेर गेल्या. त्यानंतर त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या.

ठरल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी सातला मी टाकीमागे जाऊन बसलो होतो. तिसऱ्या दिवशीही. मी बसलो होतो हे सांगण्यासारखं आहे, तिच्याबाबतीत सांगण्यासारखं काही नाही. ती आली नाही. पाचवीला ती हायस्कूलला गेली आणि दिवाळीनंतर मेंढरांबरोबर. मी जूनमध्ये कायम झालो.

पण त्या दिवशी, मांडवात, गटफोटोसाठी सगळ्यांना उभं करत होते, तेव्हा ती माझ्या शेजारी होती. पंख वाकडे झाले होते, ते मी नीट करत होतो.

"सर."

"हं."

"ते मामाच हुतं ना?"

"होतं."

"आन् मका?"

"मकाच होता."

"मग तुमी मधीच पोस्टमन का म्हनला?"

"नवरदेव, इकडे!" फोटोग्राफर ओरडला. "सर, जरा हसा की!"

मी हसलो. तिनं तीन फोटो होईपर्यंत माझ्याकडे बघत वाट पाहिली. चौथ्याला तीही कॅमेऱ्याकडे बघून हसली.